विम्याचं काही लिहिणार नाही, असं ठरवून लिहिलेलं पत्र

चि. निषाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "आई, प्लीज, आता पुन्हा विमा नको" म्हणालास आणि मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे पटलं असं नाही, ते तुला ठाऊक आहेच. फोनवर तुझं "आय नो, आय नो" सुरू झालं की माझं वाक्य अर्ध्यातच राहतं. म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण दर रविवारी तुला मराठी शाळेत सोडायला बाबांनी जेवढा गॅस जाळला, तो कुठेतरी वसूल व्हायला हवा. जोडाक्षरं अडली तर सईला फोटो पाठव. मला विचारू नकोस, मी वाचून दाखवताना आणखी काहीतरी घालीन.

विम्याचं या पत्रात काही लिहिणार नाही. ठरवूनच बसलेय.

तर तुझा तो हॉलिवूडचा नट सिमन्स. तू कॅलिफोर्नियाला निघायच्या आदल्या रात्री म्हणालास ना, "मला हिरो व्हायचंच नाहीये, मला जे. के. सिमन्ससारखं काम करायचंय," आणि मी विचारलं, "कोण, तो फार्मर्स विम्याच्या जाहिरातीतला टकला?" तेव्हा तू माझ्याकडे जे बघितलंस, ते बघून सई हसत स्वयंपाकघरात पळाली. पण मला खरंच तेवढंच माहीत होतं रे. 2010 पासून तो माणूस आपल्या टीव्हीवर येतोय आणि पुढे पुढे सांगायला लागला, आम्ही बरंच काही पाहिलंय म्हणून आम्हाला बरंच काही कळतं. मला वाटायचं कंपनीचाच कुणी साहेब असेल. बाबा म्हणाले, "तुला तसं वाटलं, हीच त्याची ॲक्टिंग." असेल. पण शोधून शोधून तू आदर्श कोण शोधलास, तर विमेवाला, आणि मी तो शब्द काढला की तुला राग!

तू गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं, म्हणून आम्ही दोघं शनिवारी रात्री त्याचं एकेक काम बघायला लागलो. बाबांनी यादी केलीय, तारखांसकट. तुला त्यांचं माहीतच आहे.

मला सगळ्यात बरं वाटलं ते हे की त्याचे वडील संगीताचे शिक्षक होते, पुढे मोंटाना विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुख झाले. आणि हाही तिथूनच 1978 मध्ये संगीताची पदवी घेऊन बाहेर पडला. म्हणजे मूळचा गाणारा माणूस. बिगफोर्क नावाचं गाव आहे तिकडे, उन्हाळ्यात थिएटर चालतं, तिथे म्युझिकल्स करायचा. मग सिअ‍ॅटलला नाटकं, मग न्यूयॉर्क. 1992 मध्ये 'गाइज अँड डॉल्स' ब्रॉडवेवर पुन्हा आलं, त्यात हा बेनी साउथस्ट्रीट होता. 'पीटर पॅन'मध्ये कॅप्टन हुक केला. तिथेच टायगर लिलीचं काम करणारी मिशेल शूमाकर त्याला भेटली आणि 1996 मध्ये लग्न झालं. (हे मी मुद्दाम सांगतेय असं समजू नकोस. यादीत होतं, म्हणून लिहिलं.)

लोकांनी रस्त्यात चेहरा ओळखावा असं काम मिळालं ते 1997 मध्ये, 'ओझ' या तुरुंगावरच्या मालिकेत. म्हणजे वयाच्या 42व्या वर्षी. मी हिशेब केला, तुझ्या वयापासून 16 वर्षं. त्या 16 वर्षांत माणसाला ताप येतो, दाढ दुखते, पाय मुरगळतो... असो.

'ओझ' आम्ही दोन भाग पाहून बंद केलं. तुरुंगातला तो नाझी इतका थंड डोक्याचा होता की मला रात्री झोप लागेना. आणि गंमत म्हणजे त्याच काळात तो 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये पोलिसांचा मानसोपचारतज्ज्ञ करत होता. इकडे राक्षस, तिकडे डॉक्टर, दोन्हीकडे टक्कल तेच आणि आवाजही तोच. हे कसं जमतं ते मला कळत नाही, पण काहीतरी अवघड आहे एवढं कळतं. 'स्पायडर-मॅन'मधला संपादक तर तुझा लहानपणापासूनचा. आप्पा आजोबा आले होते तेव्हा तू त्यांच्यासमोर तोंडात पेन्सिल धरून "यू आर फायर्ड!" ओरडायचास आणि आप्पा दर वेळी पाया पडून "साहेब, एक डाव माफी" म्हणायचे. तेव्हा मला कुठे माहीत की हा तोच टकला. त्यात त्याला केस लावले होते.

'ज्यूनो'तला बापही पाहिला. सोळा वर्षांची पोरगी समोर बसून सांगते की मी गरोदर आहे, आणि हा माणूस ओरडतही नाही, रडतही नाही. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सईला उगाचच आइस्क्रीम खायला घेऊन गेले. आणि 'बर्न आफ्टर रीडिंग'मध्ये तर त्याला दोनच प्रसंग आहेत. सीआयएचा मोठा साहेब, टेबलामागे बसलेला. पात्राला नावसुद्धा नाही! पण मला त्या सिनेमातला तोच लक्षात राहिला. तू म्हणतोस ते हेच ना? नाव नसलं तरी चालेल, लक्षात राहिलं पाहिजे. मला ते पटतं, निषाद. खरंच पटतं. तुला वाटतं मला कळत नाही.

पण मग आम्ही 'अप इन द एअर' पाहिला.

तुला तो प्रसंग पाठ असणार. 2009 चा सिनेमा, सगळीकडे नोकऱ्या जात होत्या तेव्हाचा. जॉर्ज क्लूनीचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कंपनीत जाऊन लोकांना कामावरून काढणं. सिमन्स त्यातला एक काढलेला माणूस, बॉब. मुलांचा फोटो पुढे धरतो आणि विचारतो, यांना काय सांगू? क्लूनी त्याचा बायोडेटा वाचून आलेला असतो. म्हणतो, तू तर फ्रेंच स्वयंपाक शिकला होतास. ते स्वप्न सोडायचे यांनी तुला पहिल्यांदा किती पैसे दिले? बॉब म्हणतो, वर्षाला 27 हजार.

तू हा प्रसंग मला सांगितला होतास तो इथपर्यंतच. स्वप्न आणि 27 हजार. त्याच्या आधी बॉब काय म्हणतो ते तू सांगितलं नव्हतंस. तो म्हणतो, आता कामाच्या सवलती गेल्या, तेव्हा माझ्या मुलीला दम्याचा त्रास झाला की मी तिला नुसतं धरून बसेन, कारण औषध मला परवडणार नाही.

मी तिथे सिनेमा थांबवला. बाबा म्हणाले, "पुढे बघ ना, पुढे चांगलं आहे." मी म्हटलं, तुम्ही बघा, मी कपडे वाळत घालून येते. ड्रायर बिघडलेला नव्हता.

तू म्हणशील, आईने अख्ख्या सिनेमातून नेमकं तेवढंच उचललं. हो, उचललं. तुला तीन वर्षांचा असताना पहिल्यांदा नेब्युलायझरला लावला तेव्हापासून मी तेवढंच उचलत आलेय. आप्पा आले त्या हिवाळ्यात तुला दम्याचा जो मोठा अटॅक आला, तो तुला आठवत नसेल. बाबा शिकागोला होते. मशीन घरघरतंय, तुझ्या बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, आणि आप्पांनी तुला छातीशी उभा धरलेला. तू घाबरू नयेस म्हणून त्यांनी तुला मुनीमजी करून दाखवला. त्यांचा तो मुनीम! राज्य नाट्य स्पर्धेत भावे नाट्यमंदिरात त्यांनी केलेला, जेमतेम आठ-दहा वाक्यांचा. "मालक, वहीत शाई सांडली, पण आकडे शाबूत आहेत." हे वाक्य ते पहाटेपर्यंत निरनिराळ्या आवाजांत म्हणत राहिले. तू मास्कच्या आत हसलास. मशीन की मुनीम, नक्की कशाने तुझा श्वास मोकळा झाला, मला सांगता येणार नाही.

आप्पांना मोठ्या भूमिका मिळाल्या नसत्या असं नाही. विचारायला लोक घरी यायचे, मी त्यांना चहा नेऊन दिलाय. आप्पा म्हणायचे, "तालमीला रोज जमणार नाही हो, सोमवारी सकाळी काउंटर उघडायचाय." बँकेतली नोकरी. संध्याकाळी हवालदार, नाहीतर डॉक्टर, नाहीतर मुनीम. त्यांना कुणी किती पैसे दिले होते पहिल्यांदा? मला आकडा माहीत नाही. पण त्या पगारावर मी फार्मसी केली, मावशीचं लग्न झालं, आजीचे दोन्ही डोळे बँकेच्या मेडिकलमधून झाले. क्लूनी त्यांच्या समोर बसून ते वाक्य म्हणाला असता तर आप्पा काय म्हणाले असते, याचा मी त्या रात्री खूप विचार केला. बहुतेक चहा विचारला असता. याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव. मला दोन्हीकडून लागतो.

आता एक आकडा सांगते, तो ऐकून घे. 2023 मध्ये हॉलिवूडच्या नटांचा संप झाला, जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, तेव्हा मी पेपरात वाचलं होतं: युनियनचा आरोग्य विमा मिळायला नटाची युनियनच्या कामातून तेव्हा वर्षाला 26,470 डॉलर कमाई व्हावी लागायची. आणि बहुतेक सभासदांची तेवढीही होत नाही. हे टीव्हीवर दिसणाऱ्या, कार्ड असलेल्या लोकांचं सांगतेय. बघ ना, सिनेमात स्वप्न सोडायचे 27 हजार, आणि खऱ्या जगात स्वप्न धरून डॉक्टरकडे जायचं तर जवळपास तेवढेच. लेखकाने ठरवून लिहिलं नसणार, पण मी एवढी वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगच्या खिडकीत बसतेय, मला असे आकडे शेजारी शेजारी दिसतात.

आणि पुढच्या महिन्यात तू 26 पूर्ण करतोयस. तू केकचा विचार करतोयस. मी विचार करतेय की माझ्या ऑफिसच्या प्लॅनमधून तुझं नाव निघणार. ओबामांच्या कायद्याने 26 पर्यंत आईबापांच्या पदराखाली ठेवलं, पुढे नाही. पदर सुटला की 60 दिवस मिळतात. तेवढ्यात कव्हर्ड कॅलिफोर्नियावर, म्हणजे तिकडच्या राज्याच्या विमा-बाजारात, जाऊन प्लॅन घ्यायचा. ते दिवस गेले की दार बंद, मग नोव्हेंबरपर्यंत बस. मिळकत फारच कमी दाखवत असशील तर मेडी-कॅल, म्हणजे सरकारी विमा, त्याला वर्षभर कधीही अर्ज चालतो. त्यात लाज कसली? स्वस्तातला ब्रॉन्झ प्लॅन बघून लगेच उडी मारू नकोस, डिडक्टिबल, म्हणजे विमा द्यायला लागण्याआधी आपल्या खिशातून किती जाणार, ते आधी वाच. तुझ्या मिळकतीला सिल्व्हर प्लॅनमध्ये जास्त सवलत मिळू शकते. इनहेलर काही कंपन्यांनी महिना 35 डॉलरवर आणलेत, हे मला माहीत आहे, तू सांगायच्या आधीच माहीत आहे. पण इनहेलरने भागलं नाही त्या रात्रीचं काय? माझ्या खिडकीशी तुझ्याच वयाची मुलं येतात. एका रात्रीची इमर्जन्सी रूम, आणि हातात तो कागद. काचेपलीकडून विचारतात, "हे सगळं मलाच भरायचंय?" मी त्यांना हप्ते बांधून देते. तुझ्याएवढी उंची असली की माझा हात कीबोर्डवर चुकतो.

बघ. लिहिणार नाही म्हटलं आणि पानभर झालं. भाषण दिल्याबद्दल सॉरी. पण खोडत नाही.

तुला वाटतं मला तुझ्या कामाचं कौतुक नाही. जर्सी सिटीच्या त्या खुर्च्या मोडक्या असलेल्या थिएटरात तू प्लंबर झाला होतास. तू बोलायच्या आधीच, नुसता पाना खिशात शोधत आत आलास तर लोक हसले. मी मागच्या रांगेतल्या बाईला वळून सांगणार होते की हा माझा आहे. बाबांनी दंड धरला. गाडीत तुला मी काय म्हणाले? "शर्ट इस्त्रीचा का नव्हता?" प्लंबरचा शर्ट इस्त्रीचा कशाला असेल! पण तोंडून तेच निघालं. हसण्याचं राहूनच गेलं, ते आता लिहिते: तुझा तो पाना शोधणं फार छान होतं. आप्पांचा हात होता तो.

'व्हिपलॅश'बद्दल मात्र माझं आणि बाबांचं भांडण झालं. 19 दिवसांत शूट केला म्हणे. आधी याच गोष्टीची छोटी फिल्म केली, त्यातही सिमन्सच होता, ती दाखवून मग मोठ्या सिनेमाचे पैसे उभे राहिले. काम त्याचं जबरदस्त आहे, वाद नाही. स्वतः संगीत शिकलेला असल्यामुळे हात हवेत कसा बंद करायचा ते त्याला कळतं, बँड थांबतो तो खरंच त्याच्या मुठीने थांबतो. पण तो मास्तर! मुलाच्या अंगावर खुर्ची फेकतो, थोबाडीत मारून ताल मोजायला लावतो. बाबा म्हणाले, कडक गुरूशिवाय विद्या येत नाही. मी म्हटलं, तुम्हाला पेटी शिकवणाऱ्या गुरुजींनी कधी खुर्ची फेकली होती? त्यांना तर खुर्चीच नव्हती. निषाद, कुणी दिग्दर्शक किंवा कोच तुझ्याशी असा वागला तर उठून ये. रोल गेला तरी चालेल. सुकी थंड हवा, धूर आणि धावपळ यांच्याबरोबर तुझा दमा घाबरल्यानेही वाढतो, हे तुझे डॉक्टर सांगून थकले. आणि जानेवारी 2025 मध्ये तिकडे लॉस एंजेलिसकडे पॅलिसेड्स आणि अल्टाडीना वणव्यात जळालं, तो धूर मी इथे टीव्हीवर बघत होते तेव्हा तू तिकडे गेलाही नव्हतास, तरी मी घरातले पंप मोजले होते.

त्याच सिनेमासाठी त्याला ऑस्कर मिळालं. 22 फेब्रुवारी 2015, वय 60. सहायक अभिनेता, त्यांच्यात नाव घ्यायची वेळ आली तरी 'सहायक'. तू पाठवलेलं भाषण मी कितीदा पाहिलं ते सांगत नाही. बायकोचं आणि मुलांचं नाव घेतलं, आणि मग एजंट, निर्माते वगैरे राहिले बाजूला, म्हणाला, आईला फोन करा. वडिलांना फोन करा. या पृथ्वीवर दोघांपैकी एकजण जरी असेल तर फोन करा. मेसेज नको, ईमेल नको, फोन. आणि त्यांना जितका वेळ बोलायचंय तितका वेळ ऐकून घ्या.

आणि तू मला ती क्लिप मेसेजवर पाठवलीस! खाली एक अंगठा. मी आणि सई पोट धरून हसलो. मग मी न्हाणीघरात जाऊन आले. असो.

तू त्याच्याकडून काय शिकायचं ते शिक, मला एक दिसलं ते सांगते. ऑस्कर घरात आल्यावरही त्याने फार्मर्सची जाहिरात सोडली नाही. एम अँड एम चॉकलेटच्या जाहिरातीतल्या पिवळ्या गोळीचा आवाजही त्याचाच, सईने सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना. इतका मोठा नट आणि शेंगदाण्याची गोळी होऊन बोलतो! 67व्या वर्षी पुन्हा ऑस्करचं नामांकन मिळालं, तरी गोळीचं काम खालचं म्हणाला नाही. आणि तू त्या गादीच्या जाहिरातीला नाही म्हणालास. का, तर गादीवर उड्या मारायला सांगितल्या. मार की! युनियनच्या जाहिरातीचे पैसे त्या विम्याच्या आकड्यात धरतात, मी विचारून घेतलंय. पुन्हा तिकडेच आले मी. तू ओळखलंच असशील.

मी तुला परत ये म्हणत नाहीये, हे नीट वाच. बाबांना तशी आशा आहे, ते तुझी खोली रंगवत नाहीत. मला तू तिथे हवा आहेस. 42 पर्यंत लागले तर लागोत, मी असेन तेव्हाही कुठेतरी खिडकीत, पैसे तेवढे साठवू. फक्त तुझ्या पाकिटात एक कार्ड असू दे, ज्यावर तुझं नाव आणि ग्रुप नंबर छापलेला आहे. तुझ्या चेहऱ्याला नाव नसलं तरी चालेल मला, कार्डावर असू दे.

सोबत फॉर्मसाठी लागणारी कागदपत्रं ठेवलीत: आमच्या प्लॅनचं संपल्याचं पत्र आल्यावर पाठवीन, तोवर जन्मदाखल्याची प्रत, जुन्या औषधांची यादी आणि पल्मनॉलॉजिस्टची शेवटची नोंद. भाजणी छोट्या पिशवीत आहे, फ्रीजमध्ये ठेव. रूममेटला थालीपीठ दे, पण तवा त्याच्या हाती देऊ नकोस. मावशीचा गुडघा आता बरा आहे. सई तुझी हिरवी जॅकेट घालते, तिला काही बोलू नकोस.

अनेक आशीर्वाद,
आई

ता. क. बाबा म्हणतायत, कॅलिफोर्नियात राहायला गेल्यावर गाडी 20 दिवसांत तिकडे रजिस्टर करावी लागते आणि तू अजून जर्सीच्या पाटीवर फिरतोयस. सोबतचा चेक त्यासाठी आहे, खोलीच्या भाड्यासाठी नाही. डाव्या मागच्या चाकात हवा कमी राहते, तेही बघ म्हणाले.